शुवैखचा कॅचर

२ नोव्हेंबर १९६२, शुक्रवार
सुट्टीच्या दिवशी साहेबांनी परत खेळायला बोलावलं! इथं कुवेतच्या शुवैख बंदरात, वर्कशॉपमागं, वाळूत. आमचे फोरमन ब्रेनन साहेब अमेरिकन. महायुद्धाआधी बेसबॉल हीच त्यांची नोकरी होती — कॅचर. म्हणजे आपला विकेटकीपर, पण विकेट नाही! आज साहेब उकिडवे बसले आणि दोन मांड्यांमध्ये बोटं नाचवली. माझ्याबरोबरचा फिटर जाफर भडकला. "तौबा! भर दुपारी हे कसले इशारे?" निघूनच गेला. चेंडू कसा टाकायचा ते त्या बोटांत असतं म्हणे. मला काय कळणार! आंब्याला धोंडा मारतात तसा मारला. साहेब खूश.

६ नोव्हेंबर
साहेबांच्या उजव्या हाताची बोटं वाकडी. आज चहा पिताना विचारलं. लढाईत जपान्यांनी पकडलं, खाणीत राबवलं, तिथं हात चेचला. सुटल्यावर बेसबॉलच्या क्लबनं परत घेतलं — पण फेकता येईना. घरी पाठवलं. "झेलता अजून येतं," एवढंच म्हणाले.

९ नोव्हेंबर, शुक्रवार
वाळूचं वादळ. तरी खेळलो! चेंडू दिसेना. साहेबांनी आवाजावर झेलला. मग माझी उडालेली टोपीपण झेलली. बायको खतिजा म्हणते, "हात मोडून आलात तर पेज मी भरवायची नाही."

१३ नोव्हेंबर
क्रेन बसवायला जपानी इंजिनियर आलाय — ओकाबे. साहेब त्याच्याशी बोलत नाहीत. दोघांच्या मधे मी. दोघंही इंग्रजी बोलतात. मी एकाचं इंग्रजी दुसऱ्याला इंग्रजीतच सांगतो!

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
ओकाबे कडेला उभा होता. चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी गेला. त्यानं उचलून फेकला — फाडकन साहेबांच्या ग्लोव्हात! कॉलेजात खेळायचा म्हणे. साहेब ग्लोव्ह तिथंच टाकून चालते झाले.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेब आले. ओकाबेकडे न बघता मला म्हणाले, "त्याला सांग, आणखी एक टाक." सांगितलं. टाकला. "सांग, जोरात." सांगितलं. "सांग, ह्याला जोर म्हणतात का?" दुपार कलली, मी आपला मधे उभा राहून सांगतोय! शेवटी ओकाबेच ओरडला, "गफूर, बाजूला हो!" साहेबांचा तळवा भाकरीसारखा फुगला. तो सगळ्यांना दाखवत फिरले.

७ डिसेंबर, शुक्रवार
साहेबांनी नोकरी सोडली. जपानला चाललेत! ओकाबेच्या गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवायला, त्यानंच जमवून दिलं. मी विचारलं, तिथली भाषा येते?
"येते थोडी. खाणीत शिकलो," म्हणाले. "पण पोरांसमोर बोलण्यासारखी नाही."