अडलेला माल

४ मे
आले बाई एकदाची दुबईत! ऊद मेथा भागातल्या माझ्या खिडकीतून शाळेच्या बसेस दिसतात आणि खालच्या दुकानात कढीपत्तासुद्धा मिळतो. नोकरी शहराबाहेर, एका मदतसंस्थेच्या गोदामात. युद्धातून पळालेल्या गरोदर बायांसाठी इथून बाळंतपणाची खोकी जातात. प्रत्येकात साबण, प्लॅस्टिकची चादर, नवं ब्लेड आणि नाळ बांधायला दोरा. दवाखाना बाँबनं उडवला तरी एवढ्यावर बाई वाचू शकते. आठ वर्षं पुण्यात गाड्यांचे पार्ट मोजले, आता काहीतरी बरं मोजीन. पॅकिंगला रत्नागिरीच्या मरियमबी आहेत. गावी सुईण होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डब्यातली सांदणं खायला घातली.

११ मे
सहाशे खोकी आज निघायची होती. निघाली नाहीत. पैसे देणाऱ्या देशानं बायकांच्या आरोग्याची मदत बंद केली म्हणे. तिकडे तंबूत सहाशे जणींचे दिवस भरत आलेत आणि यांना आता धोरण आठवलं! मॅनेजर नीलेश सर चहा ढवळत म्हणाले की माल अडलाय, इन्शाल्ला सुटेल. मरियमबींनी विचारलं की माल अडला म्हणजे बायाच अडल्या ना? सरांनी फोन कानाला लावला.

१९ मे
वरून हुकूम आलाय. खोकी जाळायची, २६ तारखेला ट्रक येणार. रिपोर्टात मात्र ‘डिलिव्हरी झाली’ असंच हवं. मी नाही म्हटलं. सर म्हणाले की मॅडम, फाइल खलास करायचीय, आणि तुमचं अजून प्रोबेशन चालू आहे. घेणाऱ्याच्या रकान्यात कुणाची तरी सही लागते, तुमचीच करा.
केली. सहाशे पावत्यांवर ‘उर्मिला’. स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतंय.

२१ मे
दुपारी गोदामात गेले तर चाळीसेक खोकी उघडी. मरियमबींवर ओरडले. त्यांनी कुराणाची शपथ घेतली, हात लावला नाही म्हणाल्या. मग सांगू लागल्या की त्यांच्या गावी बाई अडली की घरातली कुलपं काढतात, पेट्या उघडतात, वेण्यांच्या गाठी सोडतात. म्हणजे ती मोकळी होते. इथंही तेच चाललंय, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं.
तेवढ्यात फरशीवर पाणी दिसलं. छप्पर कोरडं होतं. पाणी कोमट होतं.

२३ मे
तीनशे उघडी. माझ्या कपाटाचं कुलूप, बुटांच्या नाड्या, अंबाडा, सगळं सुटतं. बांधते, पुन्हा सुटतं. खोक्यांतल्या कोऱ्या चादरींवर रक्त आहे. सरांना हाताला धरून आणलं. त्यांना काहीच दिसेना. दिसेल कसं? त्यांची सही आहे कुठं!
मरियमबींनी काम सोडलं. जाताना म्हणाल्या की जिनं नाव लावलं, तिलाच हाक येते.

२५ मे
कण्हणं ऐकू येतं. भर दुपारी. एक नाही, सगळ्या—
‘डिलिव्हरी झाली’ असं मीच लिहिलं. झाली नव्हती. आता होतेय. इथंच—

२६ मे
ट्रक दाराशी. सर बाहेरून ओरडताहेत, यल्ला, यल्ला, आवरा लवकर. आडवी पडेन पण एक खोकं नेऊ देणार नाही. मेल्यांनो, आधी मला जाळा.
खोक्यांच्या मध्ये एक जण पडलीय. माझ्याच वयाची. तिनं माझं नाव घेतलं. घेणारी मीच ना. लिहिलंय तसं—
साबणानं हात धुतले. चादर अंथरली. डाव्या हातानं लिहितेय.
डोकं दिसतंय. सर, या, बघा तुमची डिलिव्हरी—
मागे दुसरी. तिच्यामागे—
बाळ आलं. रडत नाही. नाळेला दोरा बांधते, तर सुटतो. गाठ बसत नाही. इथं एकही गाठ बसत नाही. रक्त— पुन्हा बांधते— सुट—