बॅगेचा पट्टा मागं लोंबता ठेवून

तीर्थस्वरूप जोतीराममामांच्या पायाशी भाचा दिग्विजयचा दंडवत. मी इकडं बरा हाय, म्हंजे थंडीनं बोटं कामातनं गेली तरी तुमाला लागंल एवढं अक्षर येतंय. तुमचा गुडघा कसा हाय, मामींचा खोकला थांबला का, आणि काळ्या मेंढीला दोन झाली ती दोन्ही जगली का, ते कळवा. (आईनं असंबी सांगितलं की तुमच्या मंगलला बघायला एकवीस तारखेला वडूजची माणसं येणार हायत, पोरगा मिलिटरीत हाय. मिलिटरी चांगलीच असती. असो.) फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुमी मधीच "मुद्द्याचं बोल" म्हणता आणि मुद्दा माझ्या तोंडातच ऱ्हातो. माझ्या खोलीत लोणंदचा शिवतेज असतो, तो सुट्टीला निघालाय. त्येच्या हाती हे देतोय. वाट वाकडी करून तो कवठे महांकाळला येईल.

तर बेदाण्याचं. नवा माल शेडवर यायच्या आत कोल्ड स्टोरेजमधला तुमचा जुना बेदाणा हॉलंडात इकून दावतो, असं मी दिवाळीला छाती ठोकून बोललो हुतो. मी हितं गोदामात द्राक्षाच्या पेट्या उचलतो, शिक्षण सातवी नापास, पण पेट्या उचलता उचलता वळखी हुत्यात. तशी यानसाहेबांची झाली. त्यांची बेकरी हाय, आणि एकेका पावात ते इतका बेदाणा घालतात की तेवढ्यात आपल्याकडं बारशाचा शिरा उरकंल. त्यांनी मंगळवारी दहाला बोलावलं. लवकर गेलं की चहा हुतो म्हणून मी नऊलाच गेलो. दार दहाला उघडलं.

आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, कॉफी घेणार का. मी म्हणालो, नको नको, घेऊनच निघालो. (पाणीबी पिलो नव्हतो.) आता आपल्याकडं काय हुतं? "घ्या की वो, घोटभर तर हाय" म्हणून कप हातात कोंबत्यात. यानसाहेब बरं म्हणाले आणि आपल्यापुरती ओतून घेतली. मग बिस्किटाचा डबा उघडला. मी नको म्हणालो. डबा बंद झाला. त्या झाकणाचा आवाज, मामा, अजून माझ्या कानात हाय. पुढं त्यांनी तुमचा बेदाणा चावून बघितला, उजेडात धरला, बायकोला हाक मारून तिला दिला, आणि म्हणाले, समदा माल घेतो. भाव सांगितला तो मी मनात धरल्यापेक्षा चांगला. इथंच मला तुमी आठवला. पहिल्या बोलीला व्हय म्हणणारा मेंढरू न्हाई, अब्रू इकतो, हे तुमचंच शिक्षण. मी म्हणालो, न्हाई परवडत, नको, ऱ्हाऊ द्या, आणि उठलो.

आटपाडीच्या मेंढीबाजारात तुमी तीनदा उठायचा, आणि तिन्ही येळा गिऱ्हाईक घोंगडं धरून तुमाला खाली बसवायचं. माझ्या अंगावर घोंगडं नव्हतं. म्हणून मी बॅगेचा पट्टा मागं लोंबता सोडला, धरायला सोपा जावा असा. दारात थांबलो. बुटाची नाडी सोडून बांधली, मग दुसरी. कुणी वढलं न्हाई. रस्ता वलांडून बसथांब्यावर उभा ऱ्हायलो आणि तीन बसगाड्या जाऊ दिल्या. तेवढ्यात बेकरीचं दार उघडलं आणि यानसाहेब पळत आले. माझ्या जिवात जीव आला, तरी तोंड नको म्हणायच्या तयारीत ठेवलं. त्यांनी माझी इसरलेली टोपी हातात दिली, हात हालवला आणि म्हणाले, तू खरं काय ते सांगितलंस, मला आवडलं. मग गेले.

खोलीवर शिवतेजला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "गड्या, हितं नको म्हंजे नको. माणूस बोलतोय ते खरं धरत्यात." मी म्हणालो, "मग मानासाठी खोटं कवा बोलायचं रं?" तो म्हणाला, "त्येची हितं सोय न्हाई."

पुढल्या मंगळवारी परत गेलो, दहाला. ह्या खेपेला समद्याला व्हय म्हणायचं ठरवलं हुतं. कॉफी, व्हय. बिस्किट, व्हय. आणखी एक, व्हय. मग त्यांच्या बायकोनं खारवलेला कच्चा मासा आणला, वर चिरलेला कांदा. त्यालाबी व्हय. (शेपटीला धरून खाल्ला. बिरोबानं डोळे झाकून घेतले असतील.) शेवटाला यानसाहेब म्हणाले, तू नको म्हणालास म्हणून अर्धा माल मी दुसऱ्याकडनं घेतला, उरलेला अर्धा तुझ्या मामांचा घेऊ का, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत मी व्हय म्हणालो. तर तुमच्या अर्ध्या बेदाण्याचं जमलं, अर्धा माझ्या नकोनं घालवला. माफी असावी. मामा, मी दमलोय. पेट्या उचलून न्हाई. मनात हाय तेच दिवसभर तोंडानं बोलायचं, ह्यानं माणूस लय दमतो.

मामींना नमस्कार, कोकरांना माझ्या वाटणीचा कवळा पाला. बारीक अक्षरात लिवलंय, चष्मा लावून वाचा.

तुमचा भाचा,
दिग्विजय

ता. क. शिवतेजला चहा विचाराल तर तो नको म्हणंल. पाच वर्षं हितं हाय, पण त्येचं नको अजून लोणंदचंच हाय. कप हातात कोंबा.

आणखी एक. दिवाळीला वसरीवर तुमी मला म्हणाला, "मंगलचं तुझ्यासंगं जमवायचं का रं?" आणि मी खाली मान घालून "नको मामा, एवढ्यात नको" म्हणालो. तुमी बरं म्हणून मेंढरं सोडायला गेला. आवं मामा, निदान तुमी तरी दुसऱ्यांदा इचारायचं. एकवीस तारखेच्या आत आणखी एकदा इचारा, माझ्या बॅगेचा पट्टा तवापासनं मागं लोंबतोय. पण आधी मंगलला इचारा. ती नको म्हणाली तर ते हितल्यासारखं धरा, पहिल्याच खेपेला खरं. माझं मात्र तसं धरू नका.