चौथ्या ओळीतला मधला सूर

ओहाय, जून २०१२

प्रिय वेंडेल,

तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. जर्दाळूचा मुरांबा ढवळत होते, आणि फोनच्या मशीनवर तू ठेवलेला निरोप तिथूनच ऐकला. "कोरिन, एमसच्या स्मृतिसभेत आपण नदीचं गाणं म्हणावं अशी त्याच्या डेलाची फार इच्छा आहे. तिच्या बापाचा खालचा सूर तिचा नवरा सांभाळेल. वरचा मी, मधला तू, नेहमीसारखं. नाही म्हणू नकोस गं." अजून किती गोड बोलतोस रे. त्या नादात मुरांबा खाली लागला, पातेलं अजून घासते आहे.

तुला टोपांगातलं आपलं घर आठवतं का? आपण तिघंही आपापल्या बँडशी भांडून बाहेर पडलेलो. पेपरवाल्यांनी लिहिलं होतं, तीन नावाजलेले गायक एका घरात, वर्षभरात एकमेकांची डोकी फोडतील. आणि आपण भांडी घासता घासता पहिल्यांदा एकत्र गायलो, तेव्हा एमसच्या हातातली बशी तशीच राहिली. तिघांचे आवाज असे मिसळले की कुठला कोणाचा ते आपलं आपल्यालाच कळेना. याचा केवढा गर्व होता आपल्याला! एमसनं तेव्हाच नियम घातला. तिघांनी एकाच माइकसमोर खांद्याला खांदा लावून गायचं, आणि कोणाचा सूर चुकला तर तो ज्याचा त्यानंच पुन्हा म्हणायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तू मान डोलावलीस. मी तर तुझ्या प्रेमात आंधळीच होते, तू कशालाही मान डोलावलीस तरी मला पटायचं.

मग स्टुडिओत ते सोळा आवाज वेगवेगळे धरणारं मशीन आलं. नदीच्या गाण्यापुरतं तू म्हणालास, एकदा वेगळे माइक लावून बघू, गंमत म्हणून. त्याच सकाळी बेकर्सफील्डहून मावशीचा फोन आला होता की आई गेली. तू म्हणालास घरी जा, एमसही म्हणाला. मीच हट्टानं उभी राहिले. ते गाणं आईच्याच गावच्या नदीचं होतं, मला ते त्याच दिवशी म्हणायचं होतं. चौथ्या ओळीत माझा आवाज फाटला. मी थांबले नाही, तशीच शेवटपर्यंत गेले. काचेपलीकडे एमस डोळे पुसत होता. मग मी बसनं निघाले. दफनाला तू येशील म्हणून मावशीनं तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. तू आला नाहीस. स्टुडिओत काम आहे म्हणालास.

रेकॉर्ड आली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. चौथ्या ओळीत फाटलेला आवाज कुठे ऐकू येईना. मला वाटलं, आपल्याला उगाच तसं वाटलं असेल, दुःखात माणसाला काय भान असतं. बेचाळीस वर्षं लोक मला गाठून सांगत आले, बाई, तुमच्या त्या मधल्या सुरानं आम्हाला सावरलं. एका नर्सनं तर माझा हात हातात घेऊन सांगितलं. मी सगळ्यांचे आभार मानले. प्रत्येक दौऱ्याआधी ती रेकॉर्ड लावून माझा भाग पुन्हा घोटायचे, कारण तिच्याइतकं सुरेख मला पुन्हा कधी जमलंच नाही.

गेल्या महिन्यात डेलानं बापाचं गॅरेज आवरताना सापडलेलं टेपचं खोकं मला पाठवलं. आतल्या चिठ्ठीवर एमसचं अक्षर होतं: नदीचं गाणं, मधला सूर वेंडेल. मला वाटलं, लिहिताना चुकला असेल. तरी बरबँकच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. तिथल्या मुलीनं बाकी सगळे आवाज बंद केले आणि फक्त मधला ठेवला. ओळीआधी नाक ओढायची तुझी सवय बेचाळीस वर्षांत बदललेली नाही, वेंडेल. माझा हेल, माझे श्वास, सगळं उचललं होतंस. आणि गाणं संपल्यावर तू हसत म्हणालास, "काय एमस, कोरिनपेक्षा बरी कोरिन झाली की नाही?" एमस म्हणाला, "तिला सांगणार कोण?" तू म्हणालास, "कशाला सांगायचं? तिला कळणारच नाही." ती मुलगी बिचारी खाली मान घालून बसली होती. टेपवर माझा आवाज होता त्याच जागी तू तुझा भरलास, म्हणजे तो पुसून. तो आता कुठेही नाही. मी विचारलं, दोनदा.

केसानं गळा कापलास. आणि एमस, ज्याला मी भाऊ मानलं, तो मरेपर्यंत मूग गिळून बसला. गाणं चांगलं व्हावं म्हणून केलंस असं सांगशील. झालंही चांगलं, तेच तर सहन होत नाही. त्या दिवसाचं माझं रडणं तुला चूक वाटलं, आणि आईला मूठभर माती द्यायला यायचं सोडून तू ती चूक दुरुस्त करत बसलास. आणि मी आयुष्यभर तुझी नक्कल करून टाळ्या घेतल्या. माझाच सूर मी तुझ्याकडून शिकत राहिले रे.

डेलाला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तिचा बाप तिच्यापाशी आहे तसाच राहू दे. हे पत्र तुझ्या फोनचं उत्तर आहे. शनिवारी सभेला मी येते आहे. तिघांसाठी एकच माइक ठेवायला सांग. आठवडाभर मी रेकॉर्ड न लावता गाते आहे आणि माझा सूर मला अजून नीट सापडलेला नाही. पण चौथ्या ओळीपाशी आले की गळा आपोआप फाटतो, तेवढं त्याला आठवतं. शनिवारीही फाटेल. तेव्हा तू माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असशील, आणि तुला ते ऐकावं लागेल, शेवटपर्यंत.

एके काळी तुझीच असलेली,
कोरिन