उजव्या खांद्यावरची कळी

मु. वाघदरे, चाकणजवळ
ता. १४ ऑक्टोबर १९५७

चिरंजीव भैरू यास वडिलांचे आशीर्वाद. देव मानत नसलास तरी बापाचे आशीर्वाद घ्यायला हरकत नसावी, म्हणून लिहिले.

तुझं पत्र पोचलं. सहा पानं! वाचायला मला तीन दिवस लागले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. सहा पानांत विश्व आहे, तारे आहेत, रशियानं वर सोडलेला तो धातूचा गोळा आहे, पण आईचे गुडघे कसे आहेत ही एक ओळ नाही. गुडघे वाईट आहेत. उंबऱ्याला हात टेकून उठते. काळी म्हैस व्यायली, रेडी झाली. कांद्याचं रोप यंदा बरं उतरलंय. हे मी लिहितो, कारण तू विचारलं नाहीस.

आता तुझं म्हणणं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला समजलं ते असं: जग आहे ते आहे. ते कुणी केलं म्हटलं, तर करणाऱ्याला कुणी केलं हा प्रश्न उरतोच. मग मधे एक पायरी कशाला वाढवायची? बरोबर ना? कठीण शब्द लक्ष्मणराव मास्तरांनी फोडून सांगितले. वर म्हणाले, "गेनूबुवा, मुलानं मुद्दा चोख मांडलाय." मी म्हटलं, मास्तर, चोख आहे ते मलाही दिसतंय, म्हणूनच तर डोकं उठलंय.

पायरी कशाला ते मी सांगतो. काहीच नसणं किती सोपं होतं! ना जमीन, ना पाणी, ना गुडघे. कुणालाच काही करावं लागलं नसतं. तसं झालं नाही. एवढा पसारा मांडलेला आहे, रोज झाडूनही संपत नाही. सोपं सोडून अवघड का झालं, याचं उत्तर तुझ्या सहा पानांत कुठे आहे? 'आहे ते आहे' हे उत्तर झालं होय? लहानपणी गूळ कुणी संपवला विचारलं की तू असंच म्हणायचास, संपला तर संपला.

आणि तो रशियाचा गोळा. मास्तरांनी पेपरातून वाचून दाखवलं, कुणी धरलेलं नाही तरी दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. तू तेच लिहिलंस, कुणी धरावं लागत नाही म्हणून. अरे, धरलं नसेल, पण सोडला तर कुणीतरी ना? का रशियात आपण होऊन उगवला आणि वर गेला?

हेच मी पारावर बोललो, की मडकं असेल तर कुंभार असलाच पाहिजे. दादू कुंभार शेजारीच बसला होता. त्यानं तरी माझी बाजू घ्यावी की नाही? तर म्हणतो कसा, "गुरवबुवा, मला मधी घेऊ नगा. माती वढ्याची, पानी वढ्याचं, मी निस्तं फिरवतो. माती कुनी केली ते मला बी ठावं न्हाई." एवढ्यावर थांबेल तर तो दादू कसला! "आन् तुमचा द्येव कुंभार आसंल तर त्याला म्हनावं भट्टी नीट लाव. निम्मी मडकी तडकल्याली निघत्यात." सगळे हसले. मास्तरही हसले. घरातून उठून गेलेला पोरगा पिंपरीहून सहा पानं लिहितो, आणि इथला कुंभार त्याच्या बाजूनं बोलतो!

चौथ्या पानावर तू जे एक वाक्य लिहिलंस त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मास्तरांनाही ते पान दाखवलं नाही.

कामाचं एवढंच. कार्तिक वद्य अष्टमीला भैरोबाचा उत्सव आहे, आणि त्याच दिवशी गावकी बसणार आहे. मला दिसत नाही हे आता सगळ्यांना कळलंय. परवा गंध लावताना बोट डोळ्यात गेलं, माझ्या नव्हे, देवाच्या. गावकी विचारते, गेनूनंतर गाभाऱ्यात कोण? सात पिढ्या आपणच आहोत. तू रोज ये असं कोण म्हणतंय? रविवारी यस्टीनं चाकणला उतर, तिथून चालत ये, पूजा कर, संध्याकाळी परत जा. बाकीचे दिवस मी चाचपडत करीन. तुझ्या कारखान्यात बुरशीपासून औषध करता म्हणे. बुरशीला हात लावतोस, तर देवाला लावायला काय झालं? मनात श्रद्धा नसली तरी चालेल. घंटेला कुठे ठाऊक असतं वाजवणाऱ्याच्या मनात काय आहे.

दिवाळीला सूनबाईला आणि नातीला घेऊन ये. समोरासमोर बोलू.

तुझा वैतागलेला बाप,
गेनू रामजी गुरव


वाघदरे
ता. २८ ऑक्टोबर १९५७

चिरंजीव भैरू, आशीर्वाद आहेतच.

दिवाळी झाली. तू आला नाहीस. आईनं नातीसाठी केलेले कानवले शेवटी शेजारी वाटले. तुझ्याकडून आलं ते एक कार्ड. सहा पानांवरून एकदम दोन ओळी! "चौथ्या पानाचं उत्तर द्या. मग अष्टमीचं बोलू." बापाला असं लिहितात? आणि तेही उघड्या कार्डावर, टपालवाल्यापासून सगळ्या गावानं वाचावं म्हणून?

घे उत्तर. तुझं वाक्य असं होतं: "तानीच्या तापात तुमच्या देवाला विचारलं होतं, आणि त्यानं नेऊ नका म्हणून सांगितलं. एका पोरीच्या तापाचं उत्तर ज्याला देता आलं नाही, त्याच्यावाचून विश्वाचं अडतं असं मला सांगू नका."

बरं. तानी तुझी बहीण होती, तशी माझी मुलगीही होती. ती नऊ वर्षांची, तू चौदाचा. वैशाख महिना, तापाचा सातवा दिवस. पुण्याच्या दवाखान्यात न्यायला ज्योतीरामनं देवळासमोर गाडी जुंपून आणली होती. तू बैलांचा कासरा धरून उभा होतास. मी कौल लावायला आत गेलो. आपला रिवाज तू लहानपणापासून पाहिलेला आहेस. गुरव एकटा गाभाऱ्यात जातो, दार लोटून घेतो, देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी लावतो. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर करू नको. मी बाहेर येऊन सांगितलं, डावी. ज्योतीरामनं बैल सोडले. तिसऱ्या दिवशी तानी गेली.

यात मी काय करायचं होतं? तू म्हणतोस पाणी वाळतं म्हणून कळी पडते, देवाचा संबंध नाही. अरे, दाराच्या फटीतला वारा डाव्या अंगाला लागतो म्हणून डावी जास्त वेळा पडते, हे चाळीस वर्षं कौल लावणाऱ्याला तू शिकवू नकोस. ते मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. पण माणूस अडला की त्याला उत्तर हवं असतं, आणि मास्तरांकडे नसतं, म्हणून तो माझ्याकडे येतो. शिवाय दवाखान्यात नेली असती तर वाचली असती हे तुला कुणी लिहून दिलंय? तुमचं ते बुरशीचं औषध तेव्हा कुणी पाहिलंही नव्हतं. आणि एका पोरीचा ताप वेगळा, सगळं जग कुठून आलं ते वेगळं. दोन्ही एका दाव्याला बांधतोस आणि म्हणतोस मी शास्त्र शिकलो!

त्याची इच्छा होती. डावी पडली. मिळालं उत्तर?

आता अष्टमीला येतोस की नाही ते कळव. आणि पाकिटात कळव.

गेनू रामजी गुरव


वाघदरे
ता. ६ नोव्हेंबर १९५७

भैरू,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. यायच्या आधीच हे लिहून टाकतो, कारण आलं तर मी पुन्हा वाद घालत बसेन.

सोमवारी सकाळी छबूबाई रडत देवळात आली. तिची सून अडली होती, दोन दिवस वेणा चालल्या होत्या. चाकणच्या डॉक्टरकडे न्यायची की सुइणीच्या भरवशावर ठेवायची, कौल लावा म्हणाली. मी आत गेलो, दार लोटलं, चाचपडून कळ्या लावल्या. थोड्या वेळानं एक पडली. इवलासा आवाज आला. कोणती, ते दिसेना. कौल लावलेला असताना देवाला हात लावायचा नसतो, म्हणून खाली बसून जमीन चाचपली. कळी सापडली, पण ती घरंगळून बरोबर मधोमध आली होती. बाहेर छबूबाईचा धोशा चाललेला, "बुवा, सांगा की ओ! पोरगी जातीया माजी!" मी बाहेर आलो आणि म्हटलं, उजवी. जुंपा गाडी.

सून सुटली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. काल छबूबाई नारळ घेऊन आली आणि म्हणाली, "द्येव बोलला, बुवा." दादू कुंभार, तो कधी नव्हे ते, देवळात येऊन नमस्कार करून गेला. म्हणाला, "ह्या बारीला भट्टी नीट लागली म्हनायची." सगळं गाव म्हणतंय देव बोलला. भैरू, देव बोलला की नाही मला ठाऊक नाही. मी बोललो.

तानीच्या वेळीही मीच बोललो. तेव्हा माझे डोळे चांगले होते. उजवी पडली होती.

लिहिलं एकदाचं. मागच्या पत्रात पुन्हा डावी लिहिली, तीही तुझ्यावर चिडून, शाईनं, सहीनिशी. सत्तरीला आलेला माणूस किती वेळा खोटं बोलू शकतो बघ.

का, ते विचारू नकोस असं लिहिणार होतो, पण तू विचारणारच, तुला ती खोड आहे. आपल्या गावातली दोन माणसं तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात गेली ती परत आली नव्हती, त्याचं भय होतं. पण ते खरं कारण नव्हे. बाहेर गाव उभं होतं. त्यांच्या पोराबाळांना तापात मी जन्मभर अंगारा दिला, आणि गुरवानंच आपली पोर त्यांच्यादेखत डॉक्टरकडे न्यायची? उद्या अंगारा घेईल कोण? लोटलेल्या दाराआड उभा राहून मी हा विचार केला. फार वेळ लागला नाही. उद्यापर्यंत ताप उतरेल असंही वाटलं. उतरला नाही. मग म्हणालो, त्याची इच्छा. चौदा वर्षं तेच म्हणतोय. जग आहे याला कारण म्हणून देव लागतो की नाही, ते तू आणि मास्तर बसून ठरवा. मी जे केलं त्याला कारण म्हणून मला तो लागत होता. तू त्याच्यावर रागावून घर सोडलंस, तेही मी चालू दिलं. तो काही बोलत नाही, म्हणून बरं पडलं.

पण म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस! हेच तर मला खातंय. तुझ्या हिशेबानं डावी पडायला हवी होती. फटीतून वैशाखाचा वारा येत होता. तरी डावी चिकटून राहिली आणि उजवी, मी हात मागे घेतो न घेतो तोच पडली. कुणी पाडली? त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही? का मलाच आतून तानीला न्यायचं होतं, म्हणून बोटांनी उजवी सैल लावली? का नुसतीच पडली, पडली तर पडली? तिन्ही मला खरी वाटतात, आणि एकातूनही माझी सुटका होत नाही. सांग तुझ्या कारखान्यातल्या साहेबांना मोजायला.

तुला एवढंच सांगायचं होतं. तानीवरून तू देवाला काढून टाकलंस. ती साक्ष खोटी होती आणि ती मी दिली. आता पुन्हा पहिल्यापासून विचार कर. करून नाहीच म्हणालास तर माझी हरकत नाही. तारे बघून म्हण, तुझ्या पुस्तकांत बघून म्हण. पण तानीला त्यात ओढू नकोस. तिचा हिशेब माझ्याकडे लागतो.

अष्टमीला गावकीसमोर मी हेच सांगणार आहे. मग सात पिढ्यांचं काय करायचं ते गाव बघेल. तू पूजेला यावंस असं आता मी म्हणत नाही.

पाकीट बंद करण्याआधी तुझ्या आईला सांगायचं ठरवलं होतं. तिनं हे तुझ्याकडून ऐकणं बरं नव्हे. आत्ताच सांगून आलो. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही. मग विचारलं, "गाडी जुंपल्याली व्हती न्हवं?" मी म्हटलं, होती. "आन् बैलं ताजी व्हती?" होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली आणि परातीतलं उरलेलं पीठ झाकलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भैरूला लिवा. अष्टमीला ये म्हनावं. मला न्यायाला."

किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही. निरोप तिनं दिला तसाच लिहिला आहे.

तेव्हा ये.

तानीचा बाप,
गेनू