होळीचा मान आणि माझा तास

१२ फेब्रुवारी १९८८

मिळाला! अकरावीला स्थानिक इतिहासाचा तास — आणि तो मला! पुण्याहून मानवशास्त्र शिकून आले तेव्हा पेणमधले तमाम आप्त विचारत, "म्हणजे कवट्या मोजणार?" आता विचारा! रोह्याच्या आमच्या कॉलेजचे प्राचार्य मोरोपंत म्हणाले, "किल्ले घ्या, लढाया घ्या." मी मान डोलावली. डोलवायला काय जातं?

१५ फेब्रुवारी

लढाई घेतली नाही. फळ्यावर लिहिलं — तुमच्या गावात होळी पहिली कोण पेटवतं, आणि त्याच्याआधी कोण? मानवशास्त्रानं एवढं शिकवलंय: 'का' विचारलं की लोक भाषण देतात, 'कोण' विचारलं की भांडतात. इतिहास भांडणात सापडतो.

२२ फेब्रुवारी

वर्ग घेऊन गावात गेले. (नाव लिहीत नाही. ही वहीसुद्धा संस्थेच्या बैठकीत जायची!) इथं होळीचा मान हैबतरावांचा — म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष! म्हणाले, "पूर्वापार आमचाच." पलीकडच्या आळीत हौसाबाई वाल सोलत होत्या. माझ्या शकूनं — विद्यार्थिनी, पण जीभ माझ्यावर गेलेली — त्यांना विचारलं.

"पूर्वापार कसला गो बाय! आमच्यात सुतक होतं, म्हणून एका सालासाठी दिला व्हता. परत कुठं केला?"

मागून सगळ्या बायका — "व्हय, व्हय!"

मला तर नाचावंसं वाटलं.

२३ फेब्रुवारी

काल परतताना शकूनं एसटीत सगळं टिपण मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. एसटीत हैबतरावांचा मेहुणा होता. असणारच!

२४ फेब्रुवारी

मोरोपंत: "बाई, अध्यक्ष तापलेत. तास बंद. तुमच्या नोकरीचं होळीनंतरच्या बैठकीत बघू."

घरी आमचे रघुनाथराव म्हणाले, "कवट्याच मोजायच्या होत्यास. त्या तक्रार करत नाहीत." हसायचं नव्हतं. हसले.

१ मार्च

इतकी वर्षं सनावळ्या घोकून घेतल्या, कुणी तापलं नाही. बंद केलेल्या तासाला पोरं अजून येऊन बसतात! नोकरी जाईल बहुधा. पण काय तास होता!

३ मार्च, होळी

हैबतराव, थेट आमच्या पेणच्या दारात! धापा टाकत. पहाटे सून बाळंत झाली, मुलगी. घराला सोयर — होळीला हात लावायचा नाही. मान हौसाबाईंच्या घरी द्यावा लागला.

"बाई, तास सुरू! आत्ताच्या आत्ता वर्ग घेऊन चला, आणि नीट लिहून घ्या — एका सालासाठीच दिलाय!"