माश्यांना शिस्त लागली

१८ जुलै
जेनेटिक्सची केटी, म्हणजे राहिलेला पेपर, यावेळी काढायचीच. नाही निघाली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, वर्ष गेलं. पण निघणार. मागच्या वेळी पेपर तपासणाऱ्याला माझी भाषा झेपली नाही. त्याला आकृत्या हव्या होत्या, मी विचार दिले.
चारुलता मॅडमनी आज फळमाश्यांची बाटली दिली. लाल डोळ्यांच्या माद्या, पांढऱ्या डोळ्यांचे नर. त्यांची पोरं वाढवायची, मग नातवंडं, आणि नातवंडांत कोणत्या डोळ्यांच्या किती ते मोजायचं. १३ ऑगस्टला नातवंडं दाखवली तर जर्नलवर सही. सही नाही तर परीक्षा नाही. मॅडम म्हणाल्या, बाटली लॅबमधून हलवायची नाही. संध्याकाळी सॅकमध्ये घालून कामोठ्याला घरी आणली. आईबापांनी पोरांजवळ राहावं, तसं संशोधकाने माश्यांजवळ.

१९ जुलै
माश्यांचं खाणं स्वतः बनवलं. रवा, गूळ, यीस्ट, घट्ट होण्यासाठी अगरची पावडर. आईने पातेल्यावर वाकून वास घेतला. म्हणाली, आरं, एवढा चांगला सांजा माश्यांना घालतोस व्हय? आमाला कदी पाणी तरी दिलंस का? मी तिला विज्ञानाचं महत्त्व उभं राहून समजावलं. ती मधेच कुकर बंद करायला गेली ती परत आली नाही.

२२ जुलै
पहाटे उठायचं ठरलं होतं. मनाने उठलो होतो.
पनवेलच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. विषय, ‘माणूस रक्ताने घडतो की जिद्दीने?’ म्हणजे जेनेटिक्सचाच अभ्यास. त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवून भाषण लिहायला घेतलं. एक्स-लिंक्डचं प्रकरण वगळलं. लांबलचक आहे आणि भाषणात टाळी घेणार नाही.

३० जुलै
स्पर्धेत उत्तेजनार्थ. परीक्षक थंड रक्ताचे होते.
पोरांची पिढी बाहेर आली, सगळी लाल डोळ्यांची. नव्या बाटलीत घातली. काही निसटली. धाकटी उत्कर्षा म्हणते, दादा, एक माझ्या डब्यात होती, तुझ्या प्रयोगात धर.
पप्पा तळोज्याहून ड्युटी करून आले ते आनंदातच. सोसायटीचे सेक्रेटरी वामनकाका गेटवर भेटले, त्यांना सांगून टाकलं की रणजीतची केटी निघाली. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर गुणवंतांचा सत्कार असतो, त्यात माझं नाव. मी म्हटलं, पप्पा, अजून निघायची आहे. ते म्हणाले, तू निघणार म्हणालास ना? मग निघाली. ट्रॉफीवर नाव कोरायला आधी द्यावं लागतं.
युक्तिवादात त्रुटी सापडली नाही.

३ ऑगस्ट
सत्काराला उत्तर म्हणून भाषण लिहितोय. खाडीकडचे डास एक वाक्य पूर्ण करू देत नाहीत. डासांचं मशीन टेबलावर लावलं, बाटलीच्या शेजारच्याच पॉइंटला. खिडकी बंद. आता एकाग्रता.

४ ऑगस्ट
माश्या आज शांत आहेत. अभ्यासाला पोषक.

५ ऑगस्ट
अजून शांत. एकीचीही गडबड नाही. सहवासाने शिस्त लागते हे सिद्ध होतंय. भाषणात घेतलं.

६ ऑगस्ट
उत्कर्षा बाटली उजेडात धरून म्हणाली, दादा, मेल्यात त्या.
अळ्यासुद्धा.
मशीन बनवणाऱ्यांनी डास आणि संशोधन यांत फरक करायला नको?

७ ऑगस्ट
वर्गातल्या पार्थला खारघरला जाऊन भेटलो. त्याच्या प्रयोगाच्या माश्या मस्त आहेत, तो त्यांना सहवास देत नाही तरी. म्हणाला, भाई, मॅडमला सरळ सांग. नवीन बाटली देतील, तारीख वाढवतील. गेल्या वर्षी एकीला दिली होती.
मी म्हटलं, हजार माणसांसमोर ताठ उभा राहणारा माणूस एका स्टाफरूमच्या दारात मान खाली घालून उभा राहणार नाही. पार्थ म्हणाला, मग बस.
घरी आलो. बसलो.

१० ऑगस्ट
मार्ग सापडला. जिद्द.
नाक्यावरच्या फळवाल्याकडून काळी पडलेली केळी आणली. ओट्यावर ठेवली, दुपारपर्यंत माश्याच माश्या. सगळ्या लाल डोळ्यांच्या. आई म्हणाली, घराचा उकिरडा केलास, आता बास कर. पांढऱ्या डोळ्यांसाठी पार्थकडून त्याच्या प्रयोगातली शुद्ध पांढऱ्यांची बाटली आणली. त्याने विचारलं, नर हवेत की माद्या? मी म्हटलं, भेदभाव करत नाही, दोन्ही दे. फ्रीझरमध्ये ठेवून गुंगवल्या आणि तीनाला एक या प्रमाणात मिसळल्या. पुस्तकात हेच प्रमाण आहे. निसर्गाला जे करायला महिना लागतो ते एका दुपारी झालं.

१३ ऑगस्ट
मॅडमनी माश्या भिंगाखाली घेतल्या. ब्रशने एकेक उलटवून बघितली. मग म्हणाल्या, रणजीत, या पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या कुठून आल्या?
मी म्हटलं, मॅडम, क्रॉसमधून.
म्हणाल्या, या क्रॉसमध्ये नातवंडांत पांढरे डोळे फक्त नरांना येतात. एकाही मादीला नाही. एक्स-लिंक्ड. प्रकरण वाचलंस?
मी उभा राहिलो. अपवाद, उत्परिवर्तन, निसर्गाचं बंड यावर बोललो. बरं बोललो. शेजारच्या लॅबची मुलं दारात जमली. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, बाटली मेली असती तर दुसरी दिली असती. आणि जर्नल न उघडता परत दिलं.

१४ ऑगस्ट
रडलो. डोळ्यांत केळ्याचा चीक गेला होता.
पप्पांनी इस्त्रीचा शर्ट दारामागे लटकवला. शेजारी माझाही. वर्ष गेलं हे त्यांना आज सांगणार होतो, पण ते शीळ घालत बूट पुसत होते. ठरलं. उद्या माइकवरून सगळ्यांसमोर सत्य सांगणार. वक्त्याला सत्याखेरीज अलंकार नाही. हे वाक्य चांगलं झालंय.

१५ ऑगस्ट
झेंडा फडकला. वामनकाकांनी शाल घातली, ट्रॉफी दिली. ‘जेनेटिक्समधील विशेष प्रावीण्याबद्दल’. पप्पा पहिल्या रांगेत, मोबाइल आडवा धरून.
दहा मिनिटं बोललो. तीनदा टाळ्या पडल्या. सत्य वेळेअभावी राहिलं.
पप्पांनी वॉचमनलाही पेढा दिला. म्हणाले, पोरगं आता थांबत नाही.
आईने माझ्यासाठी सांजा केला. रवा, गूळ, तोच वास. चमचा वाटीतच फिरवत राहिलो. पप्पा म्हणाले, घे की, कौतुकाचा आहे. केळ्यांतली एक उरलेली माशी वाटीच्या काठावर येऊन बसली. लाल डोळे. आई हाकलायला गेली, मी म्हटलं, असू दे.
वर्ष गेलं हे घरात माझ्याखेरीज माहीत असलेली ती माशी एकटीच आहे.