अंबाड्यासकट घेतलेलं माप

खोडाळा, शुक्रवार

प्रिय तुषार यास देवराम दाजीचा आशीर्वाद.

सायकलच्या एका हेल्मेटाची खरी किंमत आधी सांगतो: नाशिकला एसटीच्या दोन खेपा, दोन दिवस बंद दुकान आणि तुझ्या ताईचा आठवडाभर अबोला. दुकानदाराला दिलं ते वेगळं. बाकी इकडे ठीक, म्हणजे पाऊस हटत नाही, नागली आडवी झाली आहे आणि माझा गुडघा दुखतो. तुझी पाठ कशी आहे ते कळव.

हर्षदा पलीकडच्या पाड्यावर उपकेंद्रात नर्स म्हणून लागली, हे तुला ठाऊक आहे. एसटी तिथवर जात नाही, म्हणून रोज सायकल, तीही घाटाच्या उतारावरून. श्रावणात त्याच उतारावर ढवळू पोस्टमन घसरला. हाडं शाबूत राहिली, पण डोकं दगडावर आपटलं. आता तो ओट्यावर बसून स्वतःच्या मुलीला विचारतो, तू कोणाची गं? ती रोज नाव सांगते. समोरच माझं सायकलचं दुकान, तिथे ते रोज ऐकू येतं (माझे कान तुला माहीत आहेत, सायकल वळणावर असतानाच कुठली तार ढिली ते मी सांगतो). तेव्हापासून पोरगी घरी येईतो माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

आपल्याकडे घरातल्याला चप्पल आणायची तर पावलाच्या मापाची दोरी घेऊन बाजारात जातात. मी तेच केलं. हर्षदा जेवत होती, मागून डोक्याभोवती सुतळी फिरवली आणि गाठ मारली. अंबाडा सोडायचा असतो, हे सुचलं नाही. नाशिकच्या दुकानदाराने सुतळी बघून विचारलं, काका, म्हैस बाहेर बांधलीय का? घरी आणून घातलं तर पोरगी पूर्वेला बघते आणि हेल्मेट उत्तरेला. एवढा अंबाडा घालायला तिला तूच शिकवलंस, असं मी तुझ्या ताईला बोलून गेलो. (अबोला तो हाच.)

दुसऱ्या खेपेला डोकंच सोबत नेलं. दुकानदाराने नीट दाखवलं: भुवईच्या वर दोन बोटं जागा, त्याहून जास्त नाही, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम मावावं, मान हलवली तर हेल्मेटाने जागा सोडू नये, घामासाठी भोकं हवीत. तिने केस मानेवर खाली बांधले आणि नागलीच्या भाकरीइतकं हलकं एक निवडलं. मला वाटलं, सुटलो. तर परतीच्या एसटीत म्हणते, ते आधीचं मोठं तुमच्या डोक्याला बसतं बाबा, तुम्ही घाला, तरच मी घालीन.

मी पंपाने हवा भरण्यापासून सुरुवात करून दुकान उभं केलं. तीस वर्षं हे घाट सायकलने चढलो-उतरलो, एकदाही पडलो नाही. शिवाय पट्टा कानांवर घासतो, भोकांतून वारा शिट्टी मारतो, मग मला ऐकू काय येणार? माझे कान हेच माझं हेल्मेट, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग कान डोक्यावर बांधून घ्या. आता माझ्या हेल्मेटात मी नटबोल्ट ठेवतो. तिचं खुंटीला आहे. ती उघड्या डोक्याने जाते, आणि समोरच्या ओट्यावरून ढवळू विचारत राहतो.

तुझा,
देवराम दाजी

ता. क. पत्राचं खरं कारण हे. तू तिला फोन कर. खोडाळ्याहून आलेल्या कोणी सांगितलं म्हण, की तुझे बाबा रोज हेल्मेट घालून फिरतात. मामाचं ती ऐकते. एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. पत्र चार दिवस खिशातच राहिलं. काल उतारावर मागून कुणाच्या तरी चेनची कुरकुर ऐकू आली, कोणाची ते बघायला मान वळवली. डोकं चिखलात पडलं. दगड दोन बोटं पलीकडे होता. नटबोल्ट आता डब्यात आहेत आणि दोन्ही हेल्मेटं दाराशी. हा मजकूर हर्षदाच्या अक्षरात आहे, वरचं सगळं तिने वाचलं. तीस वर्षांचं ते वाक्य खोडायला सांगितलं, ती खोडत नाही. माझा उजवा हात आता दीड महिना प्लास्टरमध्ये राहणार आहे.